सल्लागाराचं वर्ष २६० दिवसांचं नसतं!

नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झालो तेव्हा वाटलं, आता वेळ आपलाच. झालं उलटंच! रविवारी बशीतले पोहे निवायचे आणि मी क्लायंटच्या फोनवर. वर 'तू घरीच असतोस ना' म्हणत सिलिंडरपासून बँकेपर्यंतची कामं माझ्याच गळ्यात.

शेवटी वही काढून हिशोब मांडला 👇

▪️ ५२ आठवडे × ५ = कामाचे २६० दिवस
▪️ सणवार, आजारपण, गावची फेरी: वजा ३५
▪️ प्रस्ताव, बिलं, जीएसटी आणि 'पेमेंट कधी?' विचारणं: वजा ७५
▪️ प्रत्यक्ष पैसे मिळतात ते दिवस: १५०

जुना पगार भागिले २६० अशी फी लावली होती. मग तूट रात्री जागून भरून काढावी लागायची. भागाकार १५० ने केला आणि रविवार परत मिळाला.

दुसरा ताण थकलेल्या बिलांचा. त्यावर उपाय म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी; ती ऑनलाइन आणि मोफत होते. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार, सूक्ष्म-लघु उद्योगाची सेवा स्वीकारल्यावर लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत, ठरलेली असली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज! ही अट मी आता प्रत्येक करारात घालतो.

स्वतंत्र काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आधी आपले दिवस मोजा, मगच पुढचं कोटेशन पाठवा.