पेशींतील निवाडा

नवें घडविणें हें जीवनाचें लक्षण होय, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु योग्य वेळीं मोडणें हेंही त्याचेंच लक्षण होय, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. आपल्या शरीरांतील पेशींत हजारों प्रकारचीं प्रथिनें अहोरात्र तयार होत असतात. त्यांतील कांहीं सदोष निपजतात, तर कांहींचें काम थोड्याच मिनिटांत संपतें. मग कोणतें प्रथिन राखावें आणि कोणतें मोडावें, हें ठरवितें कोण? तेंच आम्ही येथें संक्षेपानें सांगणार आहों.

मोडावयाच्या प्रथिनावर पेशी एक खूण लाविते. ही खूण म्हणजे युबिक्विटिन नांवाचें ७६ अमिनो आम्लांचें एक चिमुकलें प्रथिन. हें काम तीन विकरें क्रमानें करितात. पहिलें खुणेस सिद्ध करितें, दुसरें ती वाहून नेतें आणि तिसरें, म्हणजेच युबिक्विटिन लायगेज, नेमकें प्रथिन हेरून त्यास ती जोडवितें. मनुष्याच्या पेशींत पहिल्या प्रकारचीं विकरें अवघीं २, दुसऱ्या प्रकारचीं सुमारें ४०, तर तिसऱ्या प्रकारचीं ६०० हून अधिक आहेत. कारण पारख करण्याचा भार मुख्यतः तिसऱ्यावरच असतो. खुणांची सांखळी झाली म्हणजे प्रोटिॲसोम नांवाची पिंपासारखी यंत्रणा त्या प्रथिनाचे तुकडे करिते. युबिक्विटिन मात्र सुटून पुन्हां कामास येतें. या शोधाबद्दल इस्रायलचे ॲरन सिकॅनोव्हर व अवराम हेर्श्को आणि अमेरिकेचे आयर्विन रोझ यांस २००४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

या निवाड्यांत कोणी ढवळाढवळ केल्यास मोठा अनर्थ ओढवतो. पी-५३ हें प्रथिन पेशीचें जणूं पहारेकरीच होय. एरव्हीं एमडीएम-२ हें लायगेज त्याचें प्रमाण अल्प राखतें. पेशीच्या डीएनएस इजा झाली कीं पी-५३ या खुणेपासून वांचतें, सांचतें आणि पेशीचें विभाजन थांबवितें. परंतु ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या कांहीं घातक जातींचें ई-६ नामक प्रथिन पेशीच्याच एका लायगेजास फितवून निरपराध पी-५३ वर नाशाची खूण लावविते. पहारा उठल्यावर बिघडलेल्या पेशीही वाढत राहतात, आणि पुढें कित्येक वर्षांनीं गर्भाशयमुखाचा कर्करोग उद्भवूं शकतो.

२००६ पासून या विषाणूवर लस उपलब्ध आहे. संसर्ग होण्यापूर्वीं, म्हणजे बाल्य व कौमार्य यांच्या संधिकाळीं, ती दिल्यास विशेष गुणकारी ठरते. पालकांनीं याविषयीं डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, अशी आमची विनंति आहे.