गाभारा देवाचा, मंडप सर्वांचा

चैत्र शुद्ध प्रतिपदेचा सूर्य उगवला की दारोदारी गुढ्या उभ्या राहतात. वेळूची काठी, रेशमी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेची गाठी आणि वर पालथा घातलेला गडू. गुढी ही ज्या त्या घराची. परंतु नववर्षाचा सोहळा घराच्या उंबऱ्याआत पुरा होत नसे. पूजा आटोपली की मंडळी देवळाकडे वळत. तेथे सभामंडपात जोशीबुवा नवे पंचांग उघडून संवत्सरफल वाचीत. पाऊस कसा पडेल, धान्य किती पिकेल, हे सारा गाव मांडी घालून ऐके. ज्याचे शेत असे तोही ऐके आणि ज्याचे नसे तोही ऐके. वर्षाचे बरेवाईट एकट्याच्या वाट्याला येत नाही, ते सर्वांना मिळून भोगावयाचे असते, ही जाणीव त्या मंडपात बसल्याने आपोआप होई.

आपल्या देवालयांची रचना पाहिली तर यातील मर्म ध्यानात येते. गाभारा लहान, अंधारा, समईच्या प्रकाशापुरता. तेथे दोन-चार माणसांपलीकडे कोणी मावत नाही. मावावे अशी अपेक्षाही नाही. त्याच्या पुढचा मंडप मात्र प्रशस्त आणि खांबांवर तोललेला. वारा आणि उजेड यांना मोकळा. गाभाऱ्यात मनुष्य देवासमोर एकटा असतो. मंडपात तो चार माणसांसह देवासमोर असतो. आपल्या पूर्वजांनी या दोन्ही गोष्टींना दगडात सारखाच मान दिला.

याचा पुरातन दाखला आपल्या अगदी जवळ, कल्याणच्या पलीकडे अंबरनाथास आहे. वालधुनीच्या काठावरील त्या शिवालयात शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा शिलालेख आहे. गाभाऱ्याकडे जाण्यास पायऱ्या उतराव्या लागतात. वरचे शिखर अपुरे असल्याने आकाशाचा उजेड थेट पिंडीवर येतो. परंतु आत पाऊल टाकताच दृष्टी खिळते ती मंडपावर. मध्यभागी नखशिखान्त कोरलेले चार खांब, त्यांवर घुमटाकार छत, आणि तीन दिशांना तीन दारे. कोणत्याही वाटेने या, पोहोचाल मंडपातच, असेच जणू तो शिल्पी सांगून गेला. महाशिवरात्रीच्या जत्रेत आजही तेथे तीच गर्दी लोटते.

ठाण्याचे ग्रामदैवत श्रीकौपीनेश्वर मासुंदा तलावाच्या काठी आहे. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकल्यानंतर, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी हे देवालय नव्याने उभारले. पुढे १८७९ साली शहरातील हिंदू रहिवाशांनी वर्गणी जमवून त्याचा जीर्णोद्धार केला. पहिल्या वेळी सरदाराचे द्रव्य, दुसऱ्या वेळी सामान्य नागरिकांची वर्गणी! सव्वाशे वर्षांच्या आत देवळाचा आश्रयदाता बदलला आणि तो भार जनतेने उचलला. बिवलकरांचा कल्याणातील सुभेदार वाडाही असाच जनतेचा झाला. तेथे १८९५ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालत आला आहे. वाड्याच्या जागी शाळा झाली, पण उत्सवाचा मांडव पडतो तो त्याच नावाने.

मंडप केवळ देवळातच असतो असेही नाही. घरी मंगलकार्य निघाले की प्रथम मुहूर्तमेढ रोवली जाते, आंब्याची डहाळी बांधली जाते, मंडपदेवतेची स्थापना होते. चार खांब आणि वर छाया एवढे होताच कालचे अंगण आज देवस्थान होते. भिंत लागत नाही, दार लागत नाही. येणाऱ्याला अडवील असे मंडपात काहीच नसते, हेच त्याचे लक्षण.

हिंदुधर्माच्या या खुणा सागरापलीकडेही आढळतात. इंडोनेशियातील बाली बेटावर आजही बहुसंख्य लोक हिंदू आहेत. तेथे घर म्हणजे एक इमारत नव्हे. कुंपणाच्या आत ठिकठिकाणी उभारलेले मंडप म्हणजे घर. या मंडपाला ते ‘बाले’ म्हणतात. बेटाच्या दक्षिण भागात देवघराची जागा ईशान्येस असते, आपल्याकडे असते तशीच. एका मंडपात कुटुंबाचे संस्कार होतात: विवाह तेथेच, आणि घरातील कोणी निवर्तले तर अंत्यविधीपूर्वी देह ठेवतात तोही तेथेच. खांब उभा करताना लाकडाचा मुळाकडचा भाग खालीच राहील अशी दक्षता सुतार घेतो. झाड जसे वाढले तसाच खांब उभा राहिला पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. प्रत्येक वस्तीचा म्हणून एक मोठा मंडप असतो, ‘बाले बंजार’. लाकडी घंटेचा ठोका पडला की वस्तीतील माणसे तेथे जमतात. सभा तेथे, वाद्यवृंदाचा सराव तेथे, उत्सवाची तयारीही तेथेच.

विशेष असे की बालीतही शक संवत्सर चालते आणि त्यांचे नववर्ष आपल्या पाडव्याच्या आसपासच येते. त्यापूर्वी वस्तीतील तरुण राक्षसांच्या अक्राळविक्राळ प्रतिमा तयार करतात, आदल्या संध्याकाळी त्यांची मिरवणूक निघते, आणि नववर्षाचा दिवस संपूर्ण मौनाचा. विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद! मंडपात एकत्र येऊन गजर करावयाचा आणि मग घरोघरी एकाच वेळी शांत बसावयाचे. दोन्ही सर्वांनी मिळून.

मात्र आपल्या मंडपांची थोरवी गाताना एक सत्य झाकून चालणार नाही. सर्वांसाठी म्हणून बांधलेल्या या वास्तूत शतकानुशतके सर्वांना प्रवेश नव्हता. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे. जिवंतपणी त्यांना त्या दारापलीकडे जाता आले नाही. तेच दार सर्वांसाठी उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले, तेव्हा कोठे बडव्यांचे मन वळले. देवाला या विलंबाचे काय वाटले असेल? मंडपाची लांबीरुंदी हातांनी मोजता येते, पण त्याचे खरे माप त्यात कोणाला बसता येते यावरूनच ठरते.

आज दारे उघडी आहेत, पण मंडपावर वेगळेच संकट आले आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत वाडे गेले, चाळी गेल्या, अंगणे आणि ओट्या गेल्या. मजल्यावर मजले चढले आणि शेजाऱ्याचे नावही दारावरच्या पाटीवरून कळू लागले. अशा नगरात चार माणसांनी विनामूल्य, विनाकारण एकत्र बसावे अशी जागा देवळाच्या मंडपावाचून क्वचितच उरली आहे. आणि तेथेही सणासुदीस लोखंडी कठडे लागतात. रांग पुढे सरकते, दर्शन घडते, आणि भाविक दुसऱ्या दाराने रस्त्यावर येतो. गर्दीची व्यवस्था हवीच. परंतु मंडपाची निव्वळ वाट झाली तर देऊळ अर्धेच उरेल.

आशेला जागाही येथेच आहे. डोंबिवलीचे श्रीगणेश मंदिर १९२४ सालचे. त्याच मंदिर संस्थानाने १९९९ साली पाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि पाहता पाहता ती प्रथा ठाण्यासह महाराष्ट्रात ठिकठिकाणी रुजली. लेझीम, ढोलताशे, पालखी आणि नऊवारीतील स्त्रिया यांनी रस्ता फुलून जातो, तेव्हा मंडपच खांब सोडून चालू लागल्यासारखा वाटतो.

देवदर्शन झाल्यावर क्षणभर मंडपात टेकावे, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत होती. यंदा पाडव्याला देवळात जाल तेव्हा तेवढे अवश्य करावे. मुलांना शेजारी बसवावे. आठ दिवसांनी रामनवमी. भर दुपारी त्याच मंडपात कीर्तनकार रामजन्म सांगतील, पाळणा हलेल, आणि सुंठवडा हातोहात फिरेल. तो आपल्या हाती कोण ठेवतो हे ओळखीचे असो वा नसो, जरा सरकून त्याला जवळ जागा करून द्यावी. मंडप त्यासाठीच बांधला आहे.