मॉनिटर काळा पडला म्हणजे मेला नव्हे

 

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या गटाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे. गटाचे हिशेब, ऑनलाइन फॉर्म, पोरांचे निकाल, सातबारा काढून देणं असली कामं त्याच्यावर चालतात. त्यातून गटाला चार पैसे मिळतात. आषाढात आठ दिवस झड लागली होती. एका सकाळी बटण दाबलं तर खालची पेटी गुरगुरायला लागली, पण मॉनिटर काळाच. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्यानं न बघताच सांगितलं, "मॉनिटर गेला, नवीन घ्या."

त्याच आठवड्यात मासिक बैठक होती. गटाच्या शिलकीतून पाच हजार उचलायचे असं जवळपास ठरलंच होतं. पण त्याच बैठकीत एका वहिनींचा कर्जाचा अर्ज होता, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी. दोन्हीला पैसे पुरणार नव्हते. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या खाली मान घालून बसल्या. तेवढ्यात एक काकी म्हणाल्या, "अगं, पंखा गरगरायचा थांबला की आपण आदी कंडेन्सर बघतो. ह्येला कंडेन्सर नसतोय व्हय?"

सगळ्या हसल्या. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, मला मात्र हसू आलं नाही. काकींनी दुखणं नेमकं ओळखलं होतं.

आता जरा आत काय असतं ते समजून घेऊ. ज्या काचेवर चित्र दिसतं, त्या काचेला स्वतःचा उजेड नसतो. काच फक्त चित्र तयार करते आणि तिच्या मागे दिवा असतो. जुन्या एलसीडी मॉनिटरमध्ये तो दिवा म्हणजे पेन्सिलीहून बारीक ट्यूबलाईट, नव्यात एलईडीची पट्टी. शिवाय आत एक बोर्ड वीज पुरवतो आणि दुसरा कॉम्प्युटरकडून आलेलं चित्र काचेपर्यंत पोचवतो. यातलं काहीही बिघडलं तरी आपल्याला दिसतो तो काळा पडदाच. महाग असते ती काच, आणि बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते दुसरंच काहीतरी.

म्हणून पहिली परीक्षा बिनपैशाची. मॉनिटरच्या बटणाजवळचा बारीक दिवा लागतोय का बघा. लागत नसेल तर वीजच पोचत नाही. मॉनिटरला आणि खालच्या पेटीला पुष्कळदा एकाच जातीची तीन पिनांची वायर असते. पेटीची वायर काढून मॉनिटरला लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्डाचं भोक ढिलं झालेलं असतं, तेही बदलून बघा. काही मॉनिटरना लॅपटॉपसारखा बाहेरचा अ‍ॅडाप्टर असतो. तो बदलायचा झाला तर त्याच्यावर लिहिलेले व्होल्ट तेवढेच पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि टोकाची अधिक-वजा बाजूही जुळली पाहिजे. पिन बसली म्हणून अ‍ॅडाप्टर चालतो असं नाही. चुकीच्या अ‍ॅडाप्टरनं चांगला मॉनिटर जळतो.

दिवा लागत असेल तर पेटीकडून येणारी चित्राची केबल मॉनिटरच्या मागून काढा आणि मॉनिटर बंद करून पुन्हा चालू करा. काचेवर "नो सिग्नल" किंवा "चेक केबल" अशी चौकट आली तर काच, दिवा आणि वीज तिन्ही ठीक आहेत. दोष केबलमध्ये किंवा पेटीत आहे. मग मॉनिटरला दोष देऊ नका. निळ्या टोकाची जुनी केबल असेल तर तिच्या पिना बघा. एखादी वाकली की रंग बिघडतात: निळा तुटला तर पडदा पिवळा दिसतो, हिरवा तुटला तर गुलाबी. वाकलेली पिन चिमट्यानं हळू सरळ होते. आणि हो, मधल्या ओळीत एक पिन मुळातच नसते बऱ्याच केबलींना. ती मोडली म्हणून घाबरू नका. मीही एकदा त्यावर अर्धा तास घालवलाय.

दिवा लागतो पण चौकटही येत नाही? मग पेटीची केबल परत जोडून, कॉम्प्युटर चालू ठेवून खोलीत अंधार करा आणि मोबाइलची बॅटरी काचेवर तिरकी धरा. आत चित्र पुसट दिसलं तर काच जिवंत आहे, मागचा दिवा किंवा त्याला वीज देणारा भाग गेलाय. चित्र दोन सेकंद झळकून विझत असेल तर तेही त्याच भागाचं लक्षण.

आमच्या मॉनिटरचं दुखणं वेगळं होतं. बटणाचा दिवा लुकलुकायचा, आतून टिकटिक आवाज यायचा. मग आठवलं की महिनाभर आधीपासून तो सकाळी चालू व्हायला दहा-दहा मिनिटं घेत होता आणि एकदा लागला की दिवसभर चालायचा. हे थकलेल्या कंडेन्सरचं जुनं लक्षण.

कंडेन्सर काय करतो हे राधानगरीच्या बाईला सांगायला फार लागत नाही. आपल्याकडे पाऊस कोसळतो तो एकदम, पण शेताला पाणी लागतं सारखं. म्हणून शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. मॉनिटरच्या आत वीज झटक्या-झटक्यानं येते, सेकंदाला हजारो झटके. कंडेन्सर ती साठवतो आणि पुढे सारखी सोडतो. त्याच्या आत ओला द्राव असतो. उष्णतेनं वर्षानुवर्षे तो सुकत जातो, मग साठा कमी पडतो. कधी आत वायू तयार होऊन दाब वाढतो. कंडेन्सरच्या डोक्यावर फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात, त्या ह्याचसाठी. आपल्या धरणाचे दरवाजे पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, तसं दाब वाढला की ते डोकं फुगतं आणि रेघेवर फाटतं. चांगल्या कंडेन्सरचं डोकं सपाट असतं. फुगलेलं किंवा तपकिरी द्राव आलेलं दिसलं की तो गेला. २००० सालानंतरच्या काही वर्षांत तर जगभर असे खराब कंडेन्सर कॉम्प्युटरमध्ये बसले होते. त्यामुळे जुना मॉनिटर हाती आला तर माझा पहिला संशय तिथंच जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट ऐका. मागचं झाकण उघडणं हे सगळ्यांचं काम नव्हे. आत घराच्या २३० व्होल्टचे सव्वातीनशेच्या आसपास व्होल्ट होतात आणि एका मोठ्या कंडेन्सरमध्ये साठतात. पिन काढल्यावरही ते काही वेळ तिथंच असतात. हाताला बसला तर झटका जिवावर बेतू शकतो. ज्याला मीटर लावता येतो आणि सोल्डरिंग येतं, त्यानंच उघडावं. तुमच्या गावात मोटर-रेडिओ दुरुस्त करणारा कुणी असेल, आयटीआयची मुलगी असेल, तिला बोलवा आणि शेजारी बसून बघा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे वीर असतात, त्यांना हात लावू देऊ नका. आणि जुना फुगीर, डब्यासारखा मॉनिटर असेल तर तो उघडूच नका, त्यातलं व्होल्टेज कितीतरी जास्त असतं.

आम्ही रात्रभर पिन काढून ठेवली. सकाळी वाकळ अंथरून मॉनिटर पालथा घातला, स्क्रू काढले, कडेच्या खाचा जुन्या एटीएम कार्डानं सोडवल्या. मीटर लावून व्होल्ट शून्यावर आल्याची खात्री केली. वीज पुरवणाऱ्या बोर्डावर दोन कंडेन्सर पुरीसारखे फुगलेले दिसले. १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. एका ताईंचा मुलगा एसटीनं कोल्हापूरला जाणारच होता, त्याला कागदावर लिहून दिलं: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जरा जास्त, आणि अंगावर १०५ अंश छापलेलं पाहिजे. त्यानं २५ व्होल्टचे आणले, ते चालतात. कमी व्होल्टचे चालत नाहीत. बसवताना पांढऱ्या पट्ट्याची बाजू वजा, ती बोर्डावरच्या खुणेशी जुळवायची. उलटा बसला तर फुटतो. दोन्ही मिळून दोन वडापावच्या पैशात झालं.

झाकण लावून बटण दाबलं तेव्हा काकी दारात उभ्या होत्या. "लागला का गं?" लागला. वहिनींचा अर्ज त्याच महिन्यात मंजूर झाला.

काही वेळा मात्र हात जोडावेत. काचेला तडा गेला, उभ्या-आडव्या रेघा कायमच्या आल्या, कडेला दाबलं की रेघ जाते आणि सोडलं की येते, तर ते घरी होत नाही, आणि बाहेर नवीन काच बसवणं जुन्या मॉनिटरला परवडत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या जिल्ह्यात घरोघरी पाणी शिरलं होतं. पाण्यात बुडालेला मॉनिटर "वाळला असेल" म्हणून कुणी पिन लावू नये. चिखल आत राहतो.

आपल्याकडच्या दमट हवेसाठी थोडं सांगते. पावसाळ्यात मॉनिटर रोज अर्धा तास तरी चालवा, त्याच्या उष्णतेनं आतली ओल जाते. बंद केल्या-केल्या प्लॅस्टिक झाकू नका, गार झाल्यावर सुती कापड टाका. मागच्या फटीतून मुंग्या आणि पाली आत शिरतात, म्हणून मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवू नका. वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण नाही, पिनच काढा. काच पुसायला मऊ कापड, पिळून घट्ट केलेलं. फिनेल नको, स्पिरिट नको.

आणि खरोखरच गेला तर उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. जुन्या मॉनिटरच्या बारीक ट्यूबमध्ये पारा असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, असा माल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच पोचला पाहिजे. चार गटांनी मिळून साठवला तर एका खेपेत जातो. त्याआधी त्याची वायर आणि केबल काढून ठेवा, पुढच्याला उपयोगी पडतात.

आमच्या कपाटात ते दोन फुगलेले कंडेन्सर अजून ठेवलेत. नवीन मुली आल्या की दाखवायला. तुमच्याकडचा मॉनिटर काय लक्षणं दाखवतोय ते लिहून पाठवा: दिवा लागतो का, कोणत्या रंगाचा, आवाज येतो का. पुढच्या वेळी त्यातली दोन-तीन पत्रं घेऊ. येते, नमस्कार.