स्वादुपिंडाला सूज : पहिल्याच दिवशी ‘हाय पॉवर’ अँटिबायोटिकचा आग्रह का नको?

रात्रीचं जेवण झालं आणि तासाभरात बेंबीच्या वर जोरात दुखायला लागलं. कळ थेट पाठीत जाते, उलट्या थांबत नाहीत. घरचे म्हणतात, पित्त झालंय. गावातच एक इंजेक्शन, एक सलाईन आणि गोळ्यांची पुडी मिळते. दोन दिवसांनी पोट फुगतं आणि रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावं लागतं. तिथं रक्त तपासल्यावर कळतं, की स्वादुपिंडाला सूज आली आहे. मग नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, भारीतलं अँटिबायोटिक चालू केलं का?”

डॉक्टर अनेकदा ‘अजून नाही’ म्हणतात. हा हलगर्जीपणा नाही. त्यामागं कारण आहे.

नेमकं काय होतं?

स्वादुपिंड ही जठराच्या मागं असलेली ग्रंथी. अन्न पचवणारे रस आणि इन्सुलिन तिथं तयार होतं. पित्ताशयातला खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूमुळे ग्रंथीला इजा झाली, की हे रस आतल्या आत ग्रंथीलाच जाळायला लागतात. आजाराची ही दोन मोठी कारणं. साधारण 100 पैकी 80 रुग्ण सलाईन, वेदनाशामक औषधं आणि योग्य आहारावर आठवडाभरात सावरतात. उरलेल्यांचा आजार लांबतो, गंभीर होतो.

सुरुवातीला ताप येतो, पण तो बहुतेक वेळा सुजेचा असतो, जंतूंचा नसतो. जिथं जंतूच नाहीत, तिथं अँटिबायोटिक मारणार कोणाला? म्हणूनच केवळ खबरदारी म्हणून ते सुरू करू नये, असं जगभरातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात.

खरा धोका दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात

गंभीर आजारात स्वादुपिंडाचा काही भाग मरतो. अशा साधारण तीनपैकी एका रुग्णात पुढं त्या मेलेल्या भागात जंतू शिरतात. ते बाहेरून येतातच असं नाही. आपल्याच आतड्यातले इ. कोलाय, क्लेबसिएला यांसारखे जंतू तिथं पोचतात. दवाखान्यातल्या नळ्या, सुयांवाटेही काही येतात. या वेळी मात्र अँटिबायोटिक लागतंच, आणि ते लागू पडणं हा जिवाचा प्रश्न असतो.

इथंच आधीची घाई महागात पडते. कापूस उत्पादकांना गुलाबी बोंडअळी माहीत आहे. बीटी वाणाला ती सुरुवातीला मरायची. ज्या थोड्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पैदास वाढली आणि पुढं बीटीचा तिच्यावर परिणाम होईना. पोटातल्या जंतूंचंही तसंच. गरज नसताना दिलेल्या औषधानं साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. तिसऱ्या आठवड्यात संसर्ग होतो तो या चिवट जंतूंचा.

मेरोपेनेमसारखी तगडी औषधंही काही जंतूंपुढं चालत नाहीत. मग कोलिस्टिनसारखं शेवटचं हत्यार काढावं लागतं, त्यानं किडनीला इजा होऊ शकते. हेच कोलिस्टिन पूर्वी कोंबड्यांच्या खाद्यातही वापरलं जायचं. अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्याच्या वापरावर केंद्र सरकारनं 2019 मध्ये बंदी घातली.

डॉक्टर काय करतात?

संसर्गाची शंका आली की रक्त किंवा पू ‘कल्चर’ला पाठवतात. कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध त्याला मारतं, हे त्यातून कळतं. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. रुग्ण गंभीर असेल तर तोवर अंदाजानं औषध सुरू करतात, रिपोर्टनंतर बदलतात. पू नळीनं बाहेर काढतात. शक्य तितक्या लवकर तोंडानं किंवा नळीनं अन्न सुरू करतात, कारण आतडं उपाशी राहिलं की त्याचं अस्तर कमजोर होतं आणि जंतू बाहेर पडतात.

घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

- पोटातली कळ पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर पित्त समजून घरी थांबू नये. 108 ला फोन करावा.
- गावात कोणती इंजेक्शनं, गोळ्या दिल्या, त्याची चिठ्ठी आणि रिकाम्या पट्ट्या सोबत न्याव्यात. पुढच्या डॉक्टरांना त्याचा मोठा उपयोग होतो.
- ‘भारीतलं औषध द्या’ असा आग्रह धरू नये. त्याऐवजी ‘संसर्ग आहे का? कल्चर पाठवलं का?’ असं विचारावं.
- डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंच, तर ते टाळू नये आणि मधेच सोडू नये. पित्तनळीत संसर्ग झाला असेल तर ते पहिल्या दिवसापासूनच लागतं.
- लाल रेघ असलेली औषधाची पट्टी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणू नये.
- रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर साबणानं हात धुवावेत. कॉटभोवती गर्दी करू नये.
- बरं वाटल्यावर पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन पुढं ढकलू नये. दारू कायमची बंद.

आज सर्दी-खोकल्यासाठी उगाच घेतलेली अँटिबायोटिकची गोळीही अंगातले चिवट जंतूच वाढवते. उद्या खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडावं, यासाठी ते आज जपून वापरायला हवं.