'निवांत' खोली : अर्थ आणि रचना

अंगमर्दनासाठी सिद्ध करावयाची खोली 'निवांत' असावी, असे मराठी माणूस सहज म्हणतो. गडबड नसलेली, शांत, एवढाच अर्थ आज त्या शब्दातून प्रतीत होतो. परंतु ज्या संस्कृत 'निवात' शब्दाशी तो जोडला जातो, त्याचा अर्थ 'वारा न लागणारा' असा आहे. आणि मर्दनाच्या खोलीपुरता तो जुना अर्थच अधिक उपयोगी ठरतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, 14व्या अध्यायात, कुटीस्वेदाचे वर्णन येते. फार उंच वा रुंद नसलेली, वर्तुळाकार, जाड भिंतींची, खिडकी नसलेली कुटी. मध्यभागी मऊ अंथरलेली शय्या. सभोवती निखाऱ्यांनी भरलेल्या शेगड्या. आणि तेल लावून आत जाणारा रुग्ण. हे वाचताना महाराष्ट्रातील बाळंतिणीची खोली डोळ्यांपुढे उभी राहते. तीच बाज, तीच शेगडी, लोटलेल्या खिडक्या, वर ओव्याची धुरी. एकीपासून दुसरी निघाली असे म्हणण्यास एवढे साम्य पुरेसे नाही. तथापि दोहोंमागील कल्पना एकच आहे. तेल लावलेल्या उघड्या अंगास वारा लागू नये.

मुलुंड-घाटकोपरच्या सदनिकेत मालीशवाली बाई येते, तेव्हा ही खोली घटकाभर पुन्हा उभी राहते. पंखा बंद होतो, जुनी चादर अंथरली जाते, तेलाची वाटी ऊन पाण्यात बसते. मात्र येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. 'निवात' म्हणजे 'हवाबंद' नव्हे. कौलारू घरात फटींतून हवा खेळत असे; सरकत्या काचांच्या खोलीत ती कोंडते. अशा खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. बाळ-बाळंतिणीच्या जिवावर बेतू शकते. शेकास गरम पाण्याची पिशवी पुरते.

अंधेरी-बोरिवलीच्या गाळ्यांतील मसाज-केंद्रांत दोष उलट बाजूचा असतो. मंद दिवे, संगीत, सुगंध यांवर खर्च होतो आणि वातानुकूलन यंत्राचा झोत नेमका मेजावर पडतो. निश्चल पडलेले, तेलाने माखलेले शरीर लवकर गारठते, स्नायू आखडतात, आणि मर्दनाचा हेतूच फसतो. झोत भिंतीकडे वळवावा. ज्या अवयवास हात लावावयाचा तेवढाच उघडा ठेवून बाकीचे अंग चादरीखाली राहू द्यावे. उताण्या माणसाच्या डोळ्यांवर दिवा नसावा. सजावट त्यानंतरची.

खोलीत बोलल्या जाणाऱ्या शब्दांचाही प्रश्न आहेच. चोळणे, चेपणे, रगडणे ही तीन क्रियापदे मराठीत तीन वेगळे दाब दाखवितात. (हिंदीतील 'चाँपना' इंग्रजीत 'शाम्पू' होऊन गेला, तेव्हा प्रारंभी त्याचाही अर्थ अंग दाबणे असाच होता, केस धुणे मागाहून आले.) उपनगरात मर्दन करणाऱ्याची भाषा पुष्कळदा वेगळी असते, आणि 'मसाज' या एका शब्दात हे तिन्ही दाब बुडून जातात. म्हणून आरंभीच, खांद्यावर हात ठेवून, 'एवढा दाब चालेल का?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे.