दात काढून घरी आलात? हे सांभाळा

दाताच्या रिकाम्या खाचेत धरलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचं झाकण. ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांत कानापर्यंत ठणका लागतो.

• पहिला तास : बोळा ३० ते ४५ मिनिटं दाबून धरा. एसटीने गावी परतताना सारखा काढून पाहू नका.

• पहिले २४ तास : चूळ, थुंकणं, स्ट्रॉ बंद. गालावर बाहेरून थांबून-थांबून बर्फ.

• जेवण : गार दहीभात, मऊ खिचडी, दुसऱ्या बाजूने चावून. शेगावची कचोरी, ठेचा आणि कढत चहा जखम भरेपर्यंत नको.

• दुसऱ्या दिवसापासून : ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर हलकेच खळबळा.

• खर्रा, बिडी, मिश्री : किमान ३ दिवस हात लावू नका. दुखतंय म्हणून खाचेत तंबाखूची चिमूट तर मुळीच दाबू नका.

• गोळ्या : रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका.

• पुन्हा दवाखाना : दाबूनही रक्त थांबत नाही, ताप आला, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतेय? थांबू नका. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाल्यास लगेच १०८.