घाऊक छायाचित्रण फिल्म

घाऊक छायाचित्रण फिल्म म्हणजे डबीबंद तयार रोलांऐवजी सलग लांब रिळाच्या स्वरूपात विकत घेतली जाणारी फिल्म होय. ही फिल्म बहुधा ३५ मिलिमीटर रुंदीची असते. छायाचित्रकार ती अंधारात कापून आपल्या डब्यांमध्ये भरतो आणि छायाचित्रे टिपून झाल्यावर अनेकदा स्वतःच धुतो. तयार रोलाच्या किमतीत फिल्मखेरीज कापणी, डबी आणि वेष्टन यांचाही खर्च समाविष्ट असतो. घाऊक खरेदीत तो टळतो. डिजिटल कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर फिल्मची मागणी घटली आणि रोल धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळाही कमी झाल्या. त्यामुळे फिल्मवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी व हौशी छायाचित्रकारांसाठी ही पद्धत आजही उपयुक्त ठरते.

इतिहास

३५ मिलिमीटर फिल्म मुळात चित्रपटासाठी तयार झाली आणि ती लांब रिळांतच मिळत असे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा, फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र, धुलाई व छपाईची सामग्री आणि कच्ची फिल्म आणली. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे ही कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली व घरीच केली. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट अशा घरगुती व्यवस्थेतून साकारला. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी यंत्राचा अभ्यास करून स्वतः चलच्चित्र कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली. तिचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० साली प्रदर्शित झाला.

हीच फिल्म स्थिर छायाचित्रणासाठी वापरणारा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. सुरुवातीच्या काळात त्याचे वापरकर्ते लांब रिळातील फिल्म कापून डब्यांत भरत. एकदाच वापरायची, आधीच भरलेली डबी कोडॅक कंपनीने १९३४ साली आणली. म्हणजेच डबी स्वतः भरण्याची पद्धत तयार रोलाहून जुनी आहे. भारतात १९६० साली उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. त्याची कृष्णधवल फिल्म 'इंदू' या नावाने ओळखली जाई. हा कारखाना पुढे बंद पडला.

रिळाचा हिशेब

कृष्णधवल फिल्मचे प्रचलित घाऊक रीळ १०० फूट, म्हणजे सुमारे ३०.५ मीटर लांबीचे असते. एका छायाचित्रासाठी, दोन चित्रांमधील मोकळ्या जागेसह, ३८ मिलिमीटर फिल्म लागते. ३६ चित्रांसाठी १.३७ मीटर आणि दोन्ही टोकांची फिल्म धरून एका रोलास सुमारे १.६५ मीटर लागतात. या हिशेबाने एका रिळातून ३६ चित्रांचे १८ रोल निघतात.

बचत ठरवण्याची रीत सोपी आहे. रिळाच्या किमतीला १८ ने भागावे आणि येणाऱ्या आकड्याची त्याच फिल्मच्या तयार रोलाशी तुलना करावी. उदाहरणार्थ, एखादे रीळ १२ तयार रोलांच्या किमतीत मिळत असेल, तर प्रत्येक रोलामागे एक तृतीयांश बचत होते. भरणी यंत्र आणि रिकाम्या डब्या यांचा खर्च एकदाच करावा लागतो. तो किती रोलांत भरून निघेल हे खरेदीपूर्वी पाहावे. रीळ फार स्वस्त मिळत असल्यास तिची मुदत तपासावी. मुदत उलटून गेलेल्या आणि उष्ण जागी ठेवलेल्या फिल्मवर धूसरपणा येतो. असे रीळ आधी एका लहान तुकड्यावर तपासून मगच महत्त्वाच्या कामासाठी वापरावे.

डबी भरणे

रीळ पूर्ण अंधारात, किंवा प्रकाश न शिरणाऱ्या दुहेरी काळ्या पिशवीत, भरणी यंत्रात बसवले जाते. त्यानंतरचे काम उजेडात करता येते. यंत्राबाहेर आलेले फिल्मचे टोक डबीतील गरारीला चिकटपट्टीने जोडतात, डबी यंत्रात ठेवून झाकण बंद करतात आणि दांडा फिरवून हवी तितकी फिल्म गुंडाळून घेतात. जोडणीच्या वेळी उजेडात आलेली फिल्म रोलाच्या शेवटी येते. म्हणून शेवटच्या दोन-तीन चौकटींवर भरवसा ठेवू नये. डबीच्या मखमली कडेत धुळीचा कण अडकल्यास संपूर्ण रोलावर ओरखडा उमटतो. पुन्हा वापरायच्या डब्यांवर संवेदनशीलतेची सांकेतिक खूण नसल्यास फिल्मची संवेदनशीलता कॅमेऱ्यावर हाताने लावावी लागते.

कृष्णधवल फिल्मची धुलाई

फिल्म अंधारात चक्रीवर गुंडाळून प्रकाशबंद टाकीत ठेवल्यावर पुढील क्रिया उजेडात होतात. डेव्हलपर प्रकाश पडलेल्या कणांचे काळ्या चांदीत रूपांतर करतो, सौम्य ॲसेटिक आम्ल ही क्रिया थांबवते आणि फिक्सर उरलेले प्रकाशसंवेदी क्षार विरघळवतो. अखेरीस फिल्म भरपूर पाण्याने धुऊन धूळविरहित जागी टांगतात.

कोडॅकच्या डी-७६ या डेव्हलपरचे सूत्र १९२७ पासून प्रचलित आहे. एक लिटर द्रावणात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम असते. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही, म्हणून ते आधी विरघळवतात. मेटॉलमुळे काहींच्या त्वचेला त्रास होतो, हातमोजे वापरावेत. समप्रमाणात पाणी मिसळून हा डेव्हलपर एकदाच वापरल्यास एका लिटरमध्ये साधारण चार रोल धुता येतात.

फिक्सरची वेळ ठरवण्यासाठी फिल्मचा तुकडा त्यात बुडवतात आणि तो पारदर्शक होण्यास लागलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ रोलाला देतात. अपुऱ्या फिक्सरमुळे किंवा घाईच्या धुलाईमुळे निगेटिव्ह काही वर्षांनी डागाळते. डेव्हलपरमधील चूक पुढे दुरुस्त होत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी लग्नकार्याचा रोल न घेता बिनमहत्त्वाचा रोल घ्यावा.

हवामान आणि साठवण

बहुतेक तक्त्यांतील वेळा २० अंश सेल्सिअस तापमानासाठी असतात. महाराष्ट्रात उन्हाळ्यात नळाचे पाणी याहून बरेच उष्ण असते. उष्ण द्रावणात वेळ कमी करावी लागते, परंतु ती पाच मिनिटांच्या आत आल्यास फिल्म असमान धुतली जाण्याचा धोका असतो. म्हणून द्रावणांच्या बाटल्या माठातील किंवा बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून थंड करतात.

कोल्हापूर जिल्ह्यात सह्याद्रीलगत हिरण्यकेशी नदीच्या परिसरात वसलेल्या आजरा या तालुक्याच्या ठिकाणी अडचण वेगळी असते. तेथील मुसळधार पावसाळ्यातील दमट हवेत फिल्म वाळण्यास वेळ लागतो आणि साठवलेल्या निगेटिव्हवर बुरशी धरण्याची शक्यता वाढते. अशा ठिकाणी निगेटिव्ह पूर्ण वाळल्यावरच पाकिटात घालून सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावीत. शीतकपाटातील रीळ बाहेर काढताच उघडू नये. ते खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडल्यास फिल्मवर दव धरत नाही.

चित्रपटाची रंगीत फिल्म

चित्रपटासाठीची रंगीत निगेटिव्ह फिल्म ४०० आणि १००० फुटांच्या रिळांत मिळते. चित्रीकरणानंतर उरलेले, प्रकाश न लागलेले तुकडेही काही वेळा स्वस्तात विकले जातात. ४०० फुटांत सत्तरहून अधिक रोल भरतात. मात्र परंपरेने या फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असतो आणि तिची प्रक्रिया ईसीएन-२ ही असते. सामान्य रंगीत रोलांची प्रक्रिया सी-४१ असून त्या यंत्रात ही फिल्म घातल्यास सुटलेली काजळी द्रावणे आणि इतरांचे रोल खराब करते. म्हणून प्रयोगशाळेला फिल्मचा प्रकार आधी सांगणे आवश्यक असते. सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान ३७.८ अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटे असते. तापमान काटेकोर राखावे लागत असल्याने नवशिक्यांसाठी कृष्णधवल धुलाई अधिक सोपी पडते.

सांडपाणी

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदीची संयुगे असतात. ते विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नये. चांदी परत मिळवणाऱ्या व्यावसायिकाकडे किंवा प्रयोगशाळेकडे देईपर्यंत ते झाकणबंद डब्यात, नाव लिहून आणि मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.